माशाचा रोग, माशाची शक्ती आणि आपली मुले
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मासा म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांना जेवणाचे ताट आठवते. त्यात गैर काही नाही. पण मासाही आजारी पडतो, त्याच्या अंगावरही दुसरे जीव फुकट पोसले जातात, आणि त्यांच्याशी झुंजण्याची शक्ती त्याच्या शरीरात असते. या झुंजीचा अभ्यास प्रयोगशाळेत कसा करतात, हे आज तुम्हांला सांगावयाचे आहे. त्यासाठी एकच रोग घेतो.

घरातल्या काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांनी हा रोग पाहिला असेल. माशाच्या अंगावर मीठ भुरभुरावे तसे पांढरे ठिपके उठतात. मासा दगडाला अंग घासतो, धापा टाकतो आणि पुष्कळदा मरतो. प्रत्येक ठिपक्यात एकच पेशी असलेला एक प्राणी बसलेला असतो. फूके नावाच्या फ्रेंच संशोधकाने १८७६ साली त्याचे वर्णन केले. त्याचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे: माशाची ऊ, पुष्कळ लेकरे असलेली.

लेकरे खरोखरच पुष्कळ. माशाच्या कातडीत हा प्राणी खाऊनपिऊन सुमारे एक मिलिमीटरपर्यंत वाढतो. मग बाहेर पडून तळाशी स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे भाग पडत पडत शेकडो पिले होतात. ही पिले पोहत निघतात. एकदोन दिवसांत मासा मिळाला तर जगतात, नाही तर मरतात. पाणी उबदार असेल तर हे सारे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. एका आजारी माशामुळे अख्खे तळे का धोक्यात येते, ते यावरून ध्यानात येईल.

तुम्ही विचाराल, मग औषध का टाकू नये? टाकतात, पण औषध लागू पडते ते पाण्यात पोहणाऱ्या पिलांना. कातडीआड बसलेल्याला माशाचीच कातडी वाचविते. शिवाय मॅलकाइट ग्रीन नावाचे जे प्रभावी औषध होते, ते माणसाच्या आरोग्यास अपायकारक ठरल्यामुळे खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत बंद झाले. मत्स्यशेती करणाऱ्याचे सारे भांडवल पाण्यात असते. तेव्हा प्रश्न असा उरला की, माशाची स्वतःची शक्तीच कामी आणता येईल काय?

एक गोष्ट ठाऊक होती. या रोगातून वाचलेल्या माशाला तो पुन्हा सहसा होत नाही. पण ऐकीव गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक आहे. सिद्ध करावयाचे तर सारख्या वजनाचे मासे दोन टाक्यांत ठेवावे लागतात. पाणी, खाद्य, उष्णतामान सारे सारखे. एका टाकीतील माशांना आधी थोडी पिले सोडून सौम्य रोग होऊ द्यावयाचा, दुसरीतील मासे कोरे ठेवावयाचे. काही आठवड्यांनी दोन्हीकडे भरपूर पिले सोडावयाची. कोरे मासे मरतात, अनुभवी मासे तगतात. दुसरी टाकी नसती, तर मासे कशामुळे तगले हे सांगता आले नसते.

पुढची पायरी रक्ताची. माशाला गुंगीचे औषध देऊन शेपटीजवळच्या शिरेतून थोडे रक्त घेतात. त्यातला पातळ, निवळ भाग वेगळा काढून तो दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करीत जातात आणि प्रत्येक पायरीवर त्यात जिवंत पिले सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते की, कोऱ्या माशाच्या रक्तद्रवात पिले खुशाल पोहतात; अनुभवी माशाच्या रक्तद्रवात त्यांचे पोहणे थांबते. कारण त्यात प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, असतात आणि ती पिलांच्या अंगावरील प्रथिनांना चिकटतात.

खरे नवल १९९६ साली उघडकीस आले. अमेरिकेत क्लार्क, लिन आणि डिकरसन हे संशोधक कॅटफिश जातीच्या माशांवर काम करीत होते. त्यांना असे दिसले की, ही प्रतिपिंडे कातडीतल्या शत्रूला तेथे मारीत नाहीत. त्यांचा विळखा पडताच तो परोपजीवी आपले बस्तान सोडून वेळेआधीच बाहेर पडतो. घरात घुसलेल्या आगंतुकाला न मारता दाराबाहेर घालवावे, तसा हा प्रकार. पुढे २०१३ साली ट्राउट माशांवरील कामात दिसून आले की, माशाच्या कातडीवरील बुळबुळीत थरातही या रोगाविरुद्ध खास प्रतिपिंडे तयार होतात. बाजारात ज्या बुळबुळीतपणामुळे मासा हातातून निसटतो, तोच त्याचा पहारेकरी आहे.

मग लस का निघाली नाही? अडचण अशी की, हा प्राणी जिवंत माशाशिवाय वाढत नाही, बाटलीत त्याचे पीक घेता येत नाही. त्याचे प्रथिन जंतूंकडून बनवून घ्यावे, तर त्याची आनुवंशिक लिपी थोडी निराळी. इतर बहुतेक सजीव ज्या खुणा ‘येथे थांबा’ अशा वाचतात, त्यांतल्या दोन हा पुढे चालू ठेवण्यासाठी वाचतो. म्हणून जंतू अर्ध्यावरच थांबतात. १९९९ साली संशोधकांनी तीच लिपी वाचणाऱ्या, निरुपद्रवी अशा टेट्राहायमेना नावाच्या त्याच्या दूरच्या भाऊबंदाकडून ते प्रथिन बनवून घेतले. २०११ साली या परोपजीवीचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. तरीही लस सर्वसाधारण मत्स्यशेतकऱ्याच्या हाती आलेली नाही. फूकेच्या वर्णनापासून कॅटफिशवरील त्या शोधापर्यंत १२० वर्षे गेली, आणि काम चालूच आहे.

पालक बंधुभगिनींनो, म्हणूनच तुमच्याशी बोलावयाचे आहे. मुलगी म्हणाली, ‘मला प्राणिशास्त्र घ्यायचे आहे,’ तर घरात पहिला प्रश्न येतो: त्यातून मिळणार काय? अब्बांची चिंता खोटी नसते; फी त्यांनाच भरावयाची असते. डॉक्टर-इंजिनिअर व्हावे, ही इच्छाही चांगलीच. पण आजाराला औषध मिळण्याआधी, आजार कसा होतो हे शोधणारा कोणी तरी टाकीजवळ वर्षानुवर्षे बसलेला असतो. ती जागा आपल्या मुलामुलींनी का घेऊ नये? तिला त्या वाटेने जावेसे वाटत असेल, तर ‘नाही’ म्हणण्यापूर्वी तिच्या शिक्षकांना एकदा भेटा, एवढीच विनंती.

आणि विद्यार्थी मित्रांनो, या कामाला अलौकिक बुद्धी लागते असे समजू नका. टाकीचे पाणी रोज वेळेवर बदलणे, दिसले तेच वहीत लिहिणे, मेलेला मासा मोजणीतून न वगळणे, हे ज्याला जमते तो अर्धा संशोधक झाला. शाळेच्या कपाटातील सूक्ष्मदर्शक बाहेर काढण्याचा आग्रह धरा. डबक्यातील पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवा, दिसेल त्याचे चित्र काढा, खाली तारीख घाला. पुढच्या महिन्यात त्याच डबक्याचे पाणी पुन्हा पाहा आणि काय बदलले ते लिहा. अभ्यास तेथून सुरू होतो.