दोन विद्या आणि एक निकाल

एका विद्येंतील प्रवीण पुरुष दुसऱ्या विद्येंतील प्रवीणाशीं झुंजला, तर सरस कोण ठरेल, हें कुतूहल मनुष्यजातीइतकेंच जुनें असावें. मुष्टियोद्धा आणि मल्ल यांची गांठ पडली तर काय होईल, या प्रश्नावर गांवच्या पारावर जितका वाद रंगतो, तितकाच तो सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतहि रंगतो. मात्र अशा झुंजीचा निकाल बाहुबळाइतकाच नियमांनीं लागत असतो, ही गोष्ट वादाच्या भरांत बहुधा विसरली जाते.

२६ जून १९७६ रोजीं टोकियो येथें जगज्जेता मुष्टियोद्धा महंमद अली आणि जपानी मल्ल आंतोनियो इनोकी यांची लढत झाली. इनोकीनें बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारल्या. निजलेल्या प्रतिपक्ष्यावर ठोसा कसा हाणावा, हें अलीच्या विद्येंत नव्हतें. आणि उठून त्याच्या ठोशाच्या टप्प्यांत जाणें इनोकीला परवडण्यासारखें नव्हतें. १५ फेऱ्या संपल्या, अलीचे पाय सुजले, आणि सामना बरोबरींत सुटला. दोघांचेंहि कौशल्य ज्यांत पुरतें प्रकट व्हावें, अशी चौकटच तेथें नव्हती.

पुढें ठोसे, लाथा व कुस्तीचे पेंच या सर्वांस मोकळीक देणारी मिश्र युद्धकला उदयास आली, आणि तिच्यांतील वीर मुष्टियुद्धाच्या रिंगणांत उतरूं लागले. २६ ऑगस्ट २०१७ रोजीं लास वेगास येथें फ्लॉइड मेवेदर यानें कॉनर मॅग्रेगर याला दहाव्या फेरींत हरविलें. २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं रियाध येथें फ्रान्सिस एन्गानू यानें जगज्जेत्या टायसन फ्यूरीला तिसऱ्या फेरींत खालीं पाडलें. तथापि शेवटीं पंचांच्या बहुमतानें फ्यूरीच विजयी ठरला. हे दोन्ही सामने मुष्टियुद्धाच्या नियमांनीं झाले. पाहुण्याला आपलीं अर्धीं शस्त्रें दाराबाहेर ठेवूनच आंत यावें लागलें.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाहीं. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातींत वाढले, आणि १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें त्यांना गादीवर उतरावें लागलें. तेथें त्यांचा क्रमांक सहावा आला. गादीची रीत त्यांनीं आत्मसात् केली, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलेंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

१९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत तर माती आणि गादी यांची गांठ नियमानेंच घातलेली आहे. दोन्ही विभागांचे विजेते शेवटीं परस्परांशीं लढतात. मातींत पाऊल रुततें, अंगाला माती लागली कीं पकड बसते, दमाची कसोटी लागते. गादीवर पाय सरसर फिरतो आणि चपळाईला मोल येतें.

२ फेब्रुवारी २०२५ रोजीं ही गांठ अहिल्यानगर येथें, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरांत पडली. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तींत पृथ्वीराज मोहोळ यांनीं शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनीं दिला. आपले दोन्ही खांदे टेंकलेच नव्हते, अशी राक्षे यांची हरकत होती. संतापाच्या भरांत त्यांनीं पंचाची कॉलर धरली व त्यास लाथ मारली. त्यानंतरच्या अंतिम लढतींत माती विभागाचे विजेते महेंद्र गायकवाड हेहि पंचांच्या निर्णयावर रुष्ट होऊन कुस्ती संपण्यापूर्वींच निघून गेले. मोहोळ विजयी ठरले. राक्षे व गायकवाड यांना तीन वर्षांच्या निलंबनाची शिक्षा जाहीर झाली. माती सरस कीं गादी, हा मूळ प्रश्न त्या गोंधळांत कोणाच्या स्मरणांतहि उरला नाहीं.

त्याच जिल्ह्यांत, कर्जत येथें, मार्च महिन्यांत दुसऱ्या संघटनेनें महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरविली, आणि तेथें सोलापूरचे वेताळ शेळके विजयी झाले. दोन महिन्यांच्या आंत एका जिल्ह्यानें दोन केसरी पाहिले! दोघांच्याहि पराक्रमाला यामुळें उणेपणा येत नाहीं. परंतु गदा कोणी द्यावी, याविषयींच जेथें दुमत आहे, तेथें पहिलवानानें न्याय मागावा कोणाकडे?

पंचाच्या अंगावर जाणें सर्वथा निंद्यच. तरी त्यामागील व्यथाहि समजून घेतली पाहिजे. पोटाला चिमटा घेऊन एखादें शेतकरी कुटुंब मुलाच्या दूध, तूप, बदामाचा खर्च वर्षानुवर्षें सोसतें, आणि त्या तपश्चर्येचें फळ क्षणार्धाच्या निर्णयावर टांगलेलें असतें. जत्रेच्या फडांत कुस्ती चितपट झाली कीं हजारों डोळे साक्ष देत. गुणांच्या कुस्तींत ती साक्ष पंचाच्या एका हातवाऱ्यांत सांठवलेली असते. म्हणून पंच निष्पक्ष असावाच. शिवाय तो निष्पक्ष आहे, असें हरणाऱ्यालाहि वाटावें. वादाच्या क्षणाचें चित्रण सर्वांसमक्ष पाहण्याची व्यवस्था, दाद मागण्याची मुदत आणि निर्णयाचा अधिकारी, हीं तिन्ही सलामी होण्यापूर्वीं ठरलेलीं असावींत.

दोन विद्यांची झुंज पाहण्याचा आनंद मोठा आहे, आणि तो लोकांना मिळावाहि. मात्र ज्या निकालानंतर हरलेला मल्ल जिंकणाऱ्याचा हात आपण होऊन वर धरतो, तोच निकाल खरा.