एका लेखकावर एक ग्रंथ कशासाठी?

(परभणी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आफ्रिकेतील एखाद्या लेखकाच्या समग्र लेखनाची चिकित्सा करणारा स्वतंत्र ग्रंथ आणि परभणी जिल्ह्यातील आपण, ह्यांचा संबंध तो काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. जिंतूर-पाथरीच्या वाचकाने प्रथम आपले लेखक वाचावेत, मग परदेशाकडे पाहावे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप रास्त आहे; म्हणून त्याचे उत्तर प्रथम दिले पाहिजे.

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस ह्यांना पत्र लिहिले. तेथील निग्रो समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज गेल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळाव्यात, अशी त्यांनी मागणी केली. दुसऱ्या खंडातील पीडितांचा प्रश्न त्यांना परका वाटला नाही, हे तर खरेच. परंतु माझ्यासारख्या वकिली करणाऱ्या मनुष्यास त्या पत्रातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. बातमी वाचून ते थांबले नाहीत. त्यांनी मूळ कागद मागितला.

ही परंपरा मराठवाड्याने पुढे चालविली. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा येथील तरुण लेखकांत सुरू केली. गंगाधर पानतावणे ह्यांच्या 'अस्मितादर्श'ने त्या विचारास व्यासपीठ दिले. जनार्दन वाघमारे ह्यांचा 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ १९७८ साली मराठीत आला. तेव्हा दूरच्या बांधवांचे साहित्य अभ्यासणे हा आपल्याकडे नवा छंद नव्हे. मात्र ही चर्चा मुख्यतः अमेरिकेपुरती होती. खुद्द आफ्रिका खंडातील लेखकांची आपली ओळख त्या मानाने थोडी आहे.

आफ्रिकेतील लेखकांची कहाणी आपल्या ओळखीची वाटेल अशीच आहे. नायजेरियाचे चिनुआ अचेबे ह्यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. अनेक परकीय वाचकांनी तिच्याकडे एका जमातीच्या चालीरीतींची माहिती देणारे पुस्तक म्हणूनच पाहिले. माहिती उचलली आणि कलावंतास दाराबाहेर ठेवले! इग्बो समाजातील म्हणी त्या कादंबरीत केवळ शोभेसाठी येत नाहीत. त्यांतून माणसांचे मोठेपण आणि त्यांचा हेका, दोन्ही उघड होतात, हे अभ्यासकांना सविस्तर लिहून दाखवावे लागले. १९७५ साली अचेबे ह्यांनी स्वतःच एका व्याख्यानात कॉनराडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' ह्या प्रतिष्ठित कादंबरीची उलटतपासणी घेतली आणि तिच्यात आफ्रिकी माणसास माणूसपणच नाकारले आहे, असे प्रतिपादन केले.

परंतु एका व्याख्यानाने सर्व काम होत नाही. सिएरा लिओनचे प्राध्यापक एल्ड्रेड जोन्स ह्यांनी १९७३ साली वोले सोयिंका ह्यांच्या लेखनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सोयिंकांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली. म्हणजे पश्चिमेचा शिक्का उमटण्यापूर्वी तेरा वर्षे एका आफ्रिकी समीक्षकाने आफ्रिकी लेखकाचे मोल ग्रंथरूपाने मांडले होते. दुसऱ्याने मान दिल्यावर आपण मान देणे आणि आपण आधी वाचून स्वतःचे मत बनविणे, ह्यांत किती अंतर आहे, हे आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको.

केनियाचे न्गुगी वा थिओंगो ह्यांचे उदाहरण घ्या. त्यांची पहिली कादंबरी १९६४ साली इंग्रजीत आली. १९७७ च्या अखेरीस सरकारने त्यांना विनाचौकशी तुरुंगात टाकले. तेथे शौचालयातील कागदावर त्यांनी आपल्या गिकुयु मातृभाषेत कादंबरी लिहिली. ती १९८० साली प्रकाशित झाली. एका पुस्तकाचे परीक्षण हा प्रवास सांगू शकेल काय? इंग्रजीपासून मातृभाषेपर्यंतचा बदल का झाला, त्यात लेखकाने काय मिळविले आणि काय गमावले, हे पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत जाणाऱ्यासच कळते.

न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर परीक्षण हा अंतरिम आदेश आहे. तो लवकर मिळतो, त्याचा उपयोगही असतो. परंतु तो निकाल नव्हे. निकालापूर्वी सर्व साक्षीदार तपासावे लागतात, उलटतपासणी व्हावी लागते आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे नोंदवावे लागते. ज्यांची बाजू शतकानुशतके ऐकलीच गेली नाही, त्यांच्या लेखकांस तरी पूर्ण सुनावणी मिळू नये काय?

आता घराकडे वळू. अण्णा भाऊ साठे ह्यांची 'फकिरा' १९५९ साली आली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे. तीच लेखणी कम्युनिस्ट चळवळीत आणि लोकनाट्यात वाढलेली होती. ह्या प्रवाहांचा मेळ कोठे बसला आणि कोठे बसला नाही, हे एकट्या 'फकिरा'वरून ठरणार नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले; पुष्कळांनी ते दुःखाची जबानी म्हणून वाचले आणि त्यातील आत्मपरीक्षणाची कला तशीच राहिली. आपल्याच गंगाखेडच्या जनाबाईंचे पाहा. तीनशेहून अधिक अभंग त्यांच्या नावावर आहेत. पण दळणकांडणाचे मोजके अभंग गाऊन आपण त्यांना नामदेवांच्या घरची दासी म्हणूनच ओळखतो. त्यांच्या अभंगांत देवाशी भांडणारी, त्याला जाब विचारणारी स्त्रीही आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

मात्र ग्रंथ म्हटला की तो चांगलाच, असे मी म्हणत नाही. गौरवग्रंथ आणि चिकित्साग्रंथ ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. आपल्याकडे लेखकाच्या षष्ट्यब्दीस किंवा निधनानंतर स्नेह्यांचे लेख एकत्र बांधले जातात. त्यात प्रेम असते, आठवणी असतात. चिकित्सा क्वचित असते. खरा समीक्षक लेखकाचे दुबळे पुस्तकही वाचतो आणि ते दुबळे का, हे पुराव्यानिशी सांगतो. आपल्या लेखकाचा दोष दाखविणे म्हणजे शत्रूस शस्त्र देणे, ही समजूत सोडून दिली पाहिजे. ज्याचे दोष दाखविले जात नाहीत, त्यास लोक दयेने वाचतात. आपणांस दया नको, न्याय हवा.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. परभणी, सेलू, मानवत, पूर्णा, गंगाखेड येथील वाचकांनी आपापल्या गावी पाच-सात जणांनी मिळून एकच लेखक वर्षभरासाठी निवडावा. त्याची मिळतील तितकी सर्व पुस्तके प्रकाशनाच्या क्रमाने वाचावीत, टिपणे ठेवावीत, मतभेद लिहून काढावेत. वर्षाअखेरीस त्या टिपणांतून ग्रंथाचा आराखडा उभा राहील. एखाद्या गावाने अचेबे घ्यावा, एखाद्याने बाबुराव बागूल. दोन गावांच्या वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे आपण कोणाचे आणि कोण आपले, ह्याचे उत्तर घोषणेतून नव्हे, वाचनातून मिळेल.