पाद्रीसाहेबांचं खडूचित्र

१८४३ साली एडिनबरोच्या डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने एक अवघड काम अंगावर घेतलं. स्कॉटलंडच्या चर्चमधून बाहेर पडून फ्री चर्च स्थापन करणाऱ्या पाद्र्यांचं एकच भव्य चित्र त्याला काढायचं होतं, तेही प्रत्येकाचा चेहरा ओळखू येईल असं. इतक्या माणसांना समोर बसवून रेखाटणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने रॉबर्ट अ‍ॅडमसनच्या कॅमेऱ्याची मदत घेतली. चित्र पुरं व्हायला १८६६ उजाडलं.

या जोडीने ज्यांचे फोटो काढले त्यांत मुंबईचे धनजीभाई नवरोजी होते. १८३९ साली ते ख्रिस्ती झाले तेव्हा पारशी समाजात वादळ उठलं, प्रकरण कोर्टात गेलं. पुढे आपले गुरू डॉ. जॉन विल्सन यांच्यासोबत ते स्कॉटलंडला गेले. विल्सन म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे, तेच. लेण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसराशीही त्यांचं नातं आहे. लेण्यांची माहिती जमवण्यासाठी १८४८ साली मुंबईत जी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष होते.

कॅमेरा आला तरी खडू मागे पडला नाही. लंडनमध्ये जॉर्ज रिचमंड काळ्या, पांढऱ्या आणि गेरूच्या रंगाच्या खडूंनी फिक्या रंगाच्या कागदावर माणसं रेखाटत होते. त्यांनी १८४४ साली काढलेलं जॉन हेन्री न्यूमन यांचं खडूचित्र आजही लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. तैलचित्रापेक्षा हे काम लवकर व्हायचं, खर्चही कमी.

मग आला तिसरा प्रकार, आणि फसगत होते ती इथेच. फोटो मोठा करून कागदावर फिकट उमटवायचा आणि त्यावर कोळसा नि खडू फिरवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टुडिओंनी हा उद्योग जोरात चालवला. वरून पाहिलं तर चित्र हाताने काढलेलंच वाटतं. भिंग लावून डोळे, नाक आणि कॉलरची कड न्याहाळावी. खडूच्या रेघांखाली पिवळसर पडलेली फोटोची छाया दिसली, तर मुळात तो फोटो आहे. त्यामुळे त्याचं मोल कमी होत नाही; उलट चेहरा खराखुरा असल्याची ती खात्री असते.

छत्रपती संभाजीनगरात अशा चित्रांतले चेहरे ओळखण्याला विशेष अर्थ आहे. हा मुलूख तेव्हा निजामाचा, पण छावणीत इंग्रज अधिकारी होते, तिथे ख्रिस्त चर्च उभं राहिलं. चर्च मिशनरी सोसायटीचं इथलं काम दीर्घकाळ सांभाळलं ते मात्र रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी, तेही जन्माने पारशी. म्हणजे गळ्याशी पांढरी कॉलर दिसली की साहेबच, असं धरून चालू नये. जुन्या चौकटीतला बिननावाचा पाद्री इथल्याच मातीतला असू शकतो, आणि त्याची ओळख पुसली गेली तर शहराच्या इतिहासातलं एक माणूस कायमचं हरवतं.

म्हणून असं चित्र हाती आलं तर आधी मागची बाजू पाहावी. चौकट बनवणाऱ्याचं लेबल, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, एखादी तारीख, जे असेल त्याचा फोटो काढून ठेवावा, आणि मगच खिळे काढावेत. खडू कागदात मुरत नाही, वर नुसता बसलेला असतो. ओलं फडकं सोडाच, कोरडा ब्रशही त्याला लावू नये. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची कड हवी. स्वस्त म्हणून साधं अ‍ॅक्रिलिक बसवाल, तर ते पुसताना तयार होणारी स्थिर वीज खडूचे कण ओढून घेते. आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये. आतल्या कोरड्या भिंतीवर, उन्हाच्या तिरिपेपासून दूर, ते सुखरूप राहतं.