गाडी कमी फिरते म्हणून…



"माझी गाडी फिरतीय कुठं एवढी? वर्षाला तीन हजार किलोमीटर. ऑइल कशाला बदलायचं?" हे वाक्य सांगलीतल्या गॅरेजांत मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आज त्याबद्दलच बोलायचं ठरवलं.

आपल्या भागाला इंजिन नवं नाही. धनजीशा कूपर यांच्या सातारा रोडच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं तयार होऊ लागली. पुढं किर्लोस्करांचीही आली आणि विहिरीविहिरीवर त्यांचा आवाज घुमू लागला. ती इंजिनं वर्षानुवर्षं टिकली. एकदा हँडल मारलं की तासन् तास एकाच चालीनं चालायची, चांगली तापायची आणि तापलेलीच राहायची.

आता शहरातली मोटार बघा. विश्रामबागेतून गणपती पेठेत जायचं, भाजी घ्यायची आणि परत यायचं. एका बाजूला चार किलोमीटर. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, वर उरतो तो नुसता ओशटपणा. स्टार्टर मारल्यावर पंपानं ते वरपर्यंत चढवेतो धातूवर धातू घासतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पडदा असतो, तो काही मायक्रॉनचाच. आपला केस सुमारे सत्तर मायक्रॉनचा. शिवाय ऑइलमध्ये झीज रोखणारी जी रसायनं असतात, त्यांनाही पुरतं काम करायला उष्णता लागते.

एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये उतरतं. गार इंजिनात न जळलेलं पेट्रोलही त्याच वाटेनं जातं. लांब पल्ल्याला ऑइल तापलं की हे दोन्ही उडून जातं. चार किलोमीटरमध्ये तापतं ते कूलंट. ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणून पाणी आणि पेट्रोल आतच साठतं. ऑइल पातळ होतं, आम्ल धरतं. मालक ऑइलची पातळी दाखवणारं गेज काढून बघतो, पातळी जशीच्या तशी! तो निर्धास्त होतो. पण जेवढं ऑइल जळलं, तेवढी जागा पेट्रोल-पाण्यानं भरून काढलेली असू शकते. अशा वेळी ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या आतून बोट फिरवा. पिवळट, सायीसारखा चिकटा लागला, तर आत ओल साठते आहे.

नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. आणि 'जाड ऑइल म्हणजे इंजिनाला आयुष्य' हाही समज सोडा. गाडीच्या पुस्तकात पातळ ५डब्ल्यू-३० लिहिलं असताना जाड २०डब्ल्यू-५० ओतलं, तर सकाळी ते वर पोचायला आणखी उशीर. त्याच पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी महिनेही लिहिलेले असतात. जे आधी भरेल, त्या वेळी ऑइल बदलायचं. कमी फिरणाऱ्या गाडीचे महिने आधी भरतात.

पुराचंही सांगतो. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर 'बघू चालू होते का' म्हणून कधीही चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्या. गेजला दुधाळ चहासारखं ऑइल आलं, तर ते सगळं काढून टाकायला सांगा. काढलेलं ऑइल ओढ्यात जाऊ देऊ नका.

आणि ऑइल एकदा नीट तापावं म्हणून येत्या रविवारी घरच्यांना घेऊन औदुंबरपर्यंत जाऊन या. परत आल्यावर गाडी सपाट जागी दहा मिनिटं उभी ठेवा, गेज काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा घालून काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का ते बघा, आणि नाकाजवळ धरून पेट्रोलचा वास येतो का तेही बघा.