‘वर्गणी’ आणि सही

वर्गणी भरणाऱ्यास पैशांपलीकडे आपण कांहीं देत आहों, असें सहसा वाटत नाहीं. इंग्रजींतील ‘सबस्क्रिप्शन’ मात्र मुळांत पैशाचा शब्द नव्हे. लॅटिन ‘सब्’ म्हणजे खालीं, ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणें. मजकुराखालीं नांव घालून तो मान्य करणें, हा पहिला अर्थ. ही मान्यता कधीं फार महाग पडे. ऑक्सफर्डमध्यें १५८१ सालच्या नियमानें विद्यार्थ्यांस प्रवेशाच्या वेळींच इंग्लंडच्या चर्चच्या ३९ धर्मकलमांखालीं सही करावी लागे. ज्याचें मन कबूल होईना, त्यास दार बंद! १८५४ सालीं ही अट उठली.

पैसा आला तो सहीच्या मागून. अमुक रक्कम देईन, या वचनाखालीं नांव. पोपकृत ‘इलियड’चें भाषांतर १७१५ ते १७२० या काळांत ६ खंडांत निघालें, तें ५७५ वर्गणीदारांच्या बळावर, खंडास १ गिनी.

मराठी ‘वर्गणी’त ‘वर्ग’ दिसतो, सही नाहीं. ‘चंदा’ तर फारसी ‘चंद’, म्हणजे कांहीं थोडे, यावरून आलेला. दोहोंत भार वाट्यावर. गणेशोत्सवाच्या वर्गणीस तें चपखल शोभतें; पण पुढील अंक न पाहतांच वर्षाचे पैसे पाठविणारा मासिकाचा वाचक जें वचन देतो, तें या शब्दांत कोठेंच उमटत नाहीं.