द्वेषाआधीचा मोह



षड्रिपूंमध्ये क्रोध आहे, मत्सर आहे. द्वेषाचे नाव मात्र नाही. न्यायदर्शनाने त्याला स्वतंत्र स्थान दिले. दोषांचे राग, द्वेष आणि मोह असे तीन वर्ग तेथे आढळतात. भाष्यकार वात्स्यायनांच्या मते क्रोध, ईर्ष्या, असूया, द्रोह आणि अमर्ष ही सारी द्वेषाची अपत्ये. दुसऱ्याचा गुण न सोसणे ही असूया, झालेला अपकार न सोसणे हा अमर्ष. मात्र तिन्हींत अधिक वाईट ठरवला आहे तो मोह, म्हणजे विपरीत ज्ञान. मोह नसलेल्या माणसाच्या ठायी द्वेष उपजतच नाही.

व्यक्तीपुरते हे पटते. समूहाचे काय? त्यासाठी अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला पाहावा. १५९६ मध्ये मोगलांच्या सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबिबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तिने तट बांधून घेतला. वऱ्हाड द्यावे लागले, पण किल्ला वाचला. १६०० मध्ये दानियालचा वेढा पडला. या वेळी निभाव लागणार नाही हे ओळखून तिने तहाचा विचार बोलून दाखवला. ‘ती शत्रूला फितूर झाली’ अशी आवई उठताच जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

चार वर्षांपूर्वीचा तो तट त्या जमावाला आठवला नाही. क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृतिभ्रंश, ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील साखळी एरवी आपण एकट्या माणसाला लावतो. जमावात ती घटकाभरात पुरी होते, कारण तेथे शहानिशा करणे हे कुणा एकाचे काम नसते. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाच भिक्षेकरी मुले पळवणारे ठरले; २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक चोर ठरले. आठही जणांचे प्राण गेले. विपरीत ज्ञान आधी, द्वेष मागाहून!

याच जिल्ह्यातील नेवाशात, प्रवरेकाठी, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेल्या ज्ञानदेवांना अमर्षाचे कारण पुरेपूर होते. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी विश्वात्मक देवाकडे मागितले ते असे: दुष्टांची वाकडी बुद्धी जावी. दुष्टांचा नाश मागितलेला नाही.