‘अँड’ की ‘ऑर’?

एरंडोलहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय.

आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. त्यामुळे संध्याकाळी पोरी वही घेऊन येतात आणि विचारतात, “आई, इथे क्रियापदाला एस का लावला?” तर आज तेच बघू.

आपण म्हणतो बाप आला, माय आली, दोघं आले. अहिराणीत उना, उनी, उनात. आपलं क्रियापद बाईपुरुषही बघतं आणि एक की अनेक तेही बघतं. इंग्रजीला बाईपुरुषाचं काही नाही. ‘फादर कम्स’ तसंच ‘मदर कम्स’. तिला फक्त मोजायचं असतं. एकटं माणूस असलं की क्रियापदाला एस. ‘अँड’नं दोघं जोडले की ‘फादर अँड मदर कम’, एस गळाला. पण मध्ये ‘ऑर’ आला की ‘फादर ऑर मदर कम्स’, कारण दोघांतलं कुणीतरी एकच येणार. नावाला एस लागला तर अनेक, क्रियापदाला लागला तर एक, असा उलटा कारभार आहे खरा.

पोरी चुकतात ते दुसरीकडे. ‘मदर मिल्क्स द काउ अँड सेल्स द मिल्क.’ इथे ‘अँड’नं कामं जोडलीत, माणसं नाही. माय एकच, म्हणून एस दोन्ही क्रियापदांना. बाई एक आणि कामं दोन, हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

आणि हेच दोन शब्द बँकेच्या फॉर्मवर बसलेत. जोडखात्यात ‘जॉइंटली’ लिहिलं म्हणजे ‘अँड’, पैसे काढायला सगळ्यांच्या सह्या. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांतल्या कुणाही एकाची सही चालते, आणि एक गेलं तर मागे राहिलेल्याची. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ नीट बघा. तिथे पहिलं नाव ज्याचं, तो असेपर्यंत व्यवहार त्याचाच. तुमचं नाव दुसरं असेल तर खात्यात नाव असूनही तुमच्या सहीनं पैसे निघत नाहीत. गटाच्या खात्याला अध्यक्ष ‘अँड’ सचिव हवं. तिथे ‘ऑर’ पडलं तर एकटीच्या सहीनं सगळ्यांची बचत काढता येते.

पुढच्या बैठकीला गटाचं आणि घरचं, दोन्ही पासबुकं आणा. बऱ्याच पासबुकांवर हे पहिल्याच पानावर छापलेलं असतं. पोरींनाही सोबत आणा, त्याच वाचून दाखवतील.